डोंगर नसलेले गाव
‘अ हिडन लाइफ’ या चित्रपटाच्या निमित्ताने

संतचरित्रे लिहिणाऱ्यांना एक मोह फार जुन्या काळापासून पडत आला आहे. चरित्रनायकाची प्रभा अधिक उजळ दिसावी म्हणून त्याच्या भोवतालची माणसे अधिक काळी रंगविण्याचा हा मोह होय. अशा चरित्रांतला राजा क्रूर असतो, शेजारी कुत्सित असतात, नातलग स्वार्थी असतात आणि त्या सर्वांच्या मधोमध संत एकटा उभा असतो. वाचकाला हे चित्र आवडते. कारण ते पाहताना आपण स्वतः कोणत्या बाजूचे, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो आपोआप संताच्या शेजारी जाऊन बसतो. अमेरिकन दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक यांच्या ‘अ हिडन लाइफ’ या चित्रपटाचा विचार करताना आम्हांला या मोहाची वारंवार आठवण झाली.

हा चित्रपट मे २०१९ मध्ये कान महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि तेथील विविध ख्रिस्ती पंथांच्या संयुक्त परीक्षक-मंडळाने त्याला आपले पारितोषिक दिले. धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याची ही कथा आहे. हिटलरच्या युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिल्याबद्दल ९ ऑगस्ट १९४३ रोजी जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. आपल्या कुटुंबांनी हा चित्रपट अवश्य पाहावा असे आमचे मत आहे, आणि तसे मत असल्यामुळेच त्याने काय दाखविले व काय दाखविण्याचे टाळले याची चिकित्सा करणे आम्हांला अगत्याचे वाटते. संतांच्या कथेवरील टीका म्हणजे संतांवरील टीका नव्हे, हे सुज्ञ वाचकांना सांगण्याची गरज नाही.

प्रथम ज्या मातीत ही कथा घडली ती माती पाहू. ऑस्ट्रियाच्या वायव्येस, इन आणि साल्झाख या नद्यांच्या कुशीत इनफिर्टेल नावाचा शेतीप्रधान प्रदेश आहे. १७७९ पर्यंत तो बव्हेरियाचा भाग होता. टेशेनच्या तहाने तो ऑस्ट्रियाकडे आला. त्यामुळे येथील लोकांची बोली आणि घरांची बांधणी ही नदीपलीकडच्या बव्हेरियन शेतकऱ्यांशी नाते सांगणारी आहे. चौकोनी अंगणाच्या चारही बाजूंना घर, गोठा, कोठार आणि गवताची वखार असे येथील शेतकऱ्याचे घर असते. जमीन लाटांसारखी चढउताराची, मधूनमधून वनराईची, आणि आल्प्स पर्वत दक्षिणेला दूर क्षितिजावर. लोक पिढ्यान्पिढ्या कॅथलिक. याच प्रदेशातील होखबुर्ग येथे १७८७ मध्ये फ्रान्झ झाव्हर ग्रुबर यांचा जन्म झाला. ज्या नाताळगीताला आज सारे जग ‘सायलेंट नाइट’ म्हणून ओळखते, त्याला त्यांनी चाल दिली. याच प्रदेशातील ब्राउनाउ या गावी २० एप्रिल १८८९ रोजी अ‍ॅडॉल्फ हिटलर जन्मला. नाताळच्या शांत रात्रीची चाल आणि विसाव्या शतकातला सर्वांत मोठा संहार यांचा उगम इतक्या जवळजवळ असावा, ही गोष्ट मन थक्क करणारी आहे.

या इनफिर्टेलच्या कडेला, साल्झाख नदीच्या काठी, सांक्ट राडेगुंड हे जेमतेम पाचशे वस्तीचे गाव. येथे २० मे १९०७ रोजी रोझालिया हुबर या अविवाहित मोलकरणीच्या पोटी फ्रान्झ यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही इतके गरीब की त्यांना लग्न करणे परवडले नाही. वडील पहिल्या महायुद्धात पडले. आजीने बाळाला वाढविले. पुढे आईने हाइनरिश येगरश्टेटर या शेतकऱ्याशी लग्न केले आणि त्याने मुलाला आपले नाव दिले. तरुणपणी फ्रान्झ काही वर्षे स्टायरियातील आयझनएर्त्स येथील लोहखाणीत राबले. ते परतले तेव्हा गावातली पहिली मोटारसायकल त्यांच्याकडे होती. ते मारामारीतही सापडत. १९३३ मध्ये एका मोलकरणीपासून त्यांना विवाहबाह्य कन्या झाली. हे सारे येथे सांगण्याचे कारण इतकेच की फ्रान्झ हे गावाबाहेरून आलेले कोणी तपस्वी नव्हते. त्या गावाचे गुण आणि दोष दोन्ही त्यांच्या अंगात मुरलेले होते.

१९३६ च्या पवित्र गुरुवारी त्यांनी होखबुर्गच्या फ्रान्झिस्का श्वानिंगर यांच्याशी लग्न केले आणि नवदांपत्य रोमच्या यात्रेला गेले. त्यानंतर त्यांचे धार्मिक जीवन अधिक खोल होत गेले. तीन मुली झाल्या. १९४१ मध्ये गावच्या चर्चमध्ये वेदीची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि ते रोज मिस्साबलिदानाला जाऊ लागले. फेब्रुवारी १९४३ मध्ये सैन्यभरतीचा हुकूम आला. १ मार्च रोजी एन्स येथील छावणीत हजर होऊन त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला. शस्त्राविना वैद्यकीय सेवक म्हणून काम करण्याची त्यांची तयारी होती. ती विचारात घेतली गेली नाही. ६ जुलै रोजी बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला.

आता चित्रपटाकडे वळू. तो मनात भरतो तो डोंगरांमुळे. ढगांत बुडालेली उंच शिखरे, तीव्र उतारावरची कुरणे, खाली दरीत धबधब्याचा आवाज आणि त्या विराट पार्श्वभूमीवर विळ्याने गवत कापणारे तरुण जोडपे. हे दृश्य अवर्णनीय सुंदर आहे. परंतु ते राडेगुंड नव्हे. चित्रपटाचे बहुतांश चित्रीकरण दक्षिण टिरोल या उत्तर इटलीतील जर्मनभाषक डोंगराळ प्रांतात झाले आहे. दिग्दर्शकाला स्थळ बदलण्याचे स्वातंत्र्य असते, हे आम्हांला मान्य आहे. पण या बदलाने कथेचा अर्थही बदलतो. डोंगरांच्या कडेकोटात वसलेले गाव जगापासून तुटलेले वाटते. तेथे वाईट गोष्टी बाहेरून, दरीच्या पलीकडून येतात. खरे राडेगुंड उघड्यावर आहे. नदीपलीकडे जर्मनी, त्याच जिल्ह्यात हिटलरचे जन्मगाव. तेथे नाझी सत्ता बाहेरून चढून आलेले वादळ नव्हती. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले तेव्हा असंख्य ऑस्ट्रियन लोकांनी फुले उधळून त्याचे स्वागत केले होते. डोंगर उभे केले की या सहभागाचा प्रश्न दृष्टिआड होतो, आणि उरते ते एक हरवलेले नंदनवन.

नंदनवन म्हटले की सर्पही हवा. तो चित्रपटाने गावकऱ्यांत शोधला आहे. गावचा प्रमुख दारूच्या नशेत परकीयांविरुद्ध गरळ ओकतो. शेजारी थुंकतात. चिमुकल्या मुलींनाही गावातली मुले सोडत नाहीत. फ्रान्झिस्काच्या मदतीला, एखाददुसरा अपवाद वगळता, कोणी येत नाही. हे प्रसंग परिणामकारक आहेत यात शंका नाही. मात्र इतिहासाने जे नोंदविले आहे ते याहून अधिक गुंतागुंतीचे आणि आमच्या मते अधिक भयंकर आहे.

१० एप्रिल १९३८ रोजी ऑस्ट्रियाच्या जर्मनीतील विलीनीकरणावर मतदान झाले. राडेगुंडमध्ये विरोधी मत एकच पडले. ते फ्रान्झ यांचे. गावच्या अधिकाऱ्यांनी ते दडपून गावाने एकमुखाने पाठिंबा दिल्याचे जाहीर केले. या कृतीत भीती होती, लाचारी होती. पण तिच्यामुळे एका गावबंधूवर येणारी आफतही टळली. सत्तांतराच्या त्या दिवसांत गावाचे प्रमुखपद फ्रान्झ यांना देऊ करण्यात आले होते. त्यांनी ते नाकारले. १९४० मध्ये त्यांना पहिल्यांदा सैन्यात नेले तेव्हा शेतीला या माणसाची गरज आहे असे सांगून गावच्या प्रमुखानेच त्यांना परत आणले. पुढच्या खेपेलाही गावाच्या विनंतीवरून एप्रिल १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली. चित्रपटातला तो बरळणारा प्रमुख आणि इतिहासातला हा प्रमुख यांचा मेळ कसा घालावा?

धर्मगुरूंचेही तसेच. गावचे पॅरिश प्रिस्ट फादर योझेफ कारोबाथ हे नाझींचे विरोधक होते. त्यांच्या प्रवचनाबद्दल १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि गाव सोडावे लागले. अशा निर्भय धर्मगुरूंनीदेखील फ्रान्झ यांना नकारापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्यांना त्यांचा जीव वाचवायचा होता. फ्रान्झ यांनी पवित्र शास्त्रातील वचनांनीच त्यांना उत्तर दिले. त्यांच्या जागी आलेले तरुण फादर फर्डिनांड फ्युर्थाउअर यांनीही त्यांची समजूत घातली. लिंट्झचे बिशप योझेफ फ्लीसर यांना ते जाऊन भेटले. कुटुंबाप्रती असलेल्या कर्तव्याची आठवण बिशपांनी त्यांना करून दिली. युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरविणे साध्या नागरिकाचे काम नव्हे, असाही त्यांचा रोख होता. वृद्ध आईने विनवण्या केल्या. फ्रान्झिस्का यांनीही आरंभी त्यांना वळविण्याचा प्रयत्न केला. पुढे मात्र त्या ठामपणे पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

ही यादी वाचकांनी एकदा सावकाश डोळ्यांपुढे आणावी. आई, पत्नी, दोन धर्मगुरू, बिशप, गावचा प्रमुख. यांपैकी कोणाच्याही मनात फ्रान्झ यांच्याविषयी द्वेष नव्हता. प्रत्येक जण त्यांच्या भल्यासाठीच बोलत होता, आणि प्रत्येकाच्या बोलण्याचे सार एकच होते: नमते घे. सद्सद्विवेकबुद्धीची खरी कसोटी येथे लागते. वैऱ्याच्या धमकीला ‘नाही’ म्हणण्यासाठी धैर्य लागते. आईच्या अश्रूंना आणि बिशपांच्या उपदेशाला ‘नाही’ म्हणण्यासाठी काय लागत असेल, याची कल्पना करणे कठीण आहे. हा संघर्ष मॅलिक यांच्या हाती होता. बिशपांच्या भेटीचा प्रसंग आणि आईची व्याकुळता त्यांनी चित्रित केली आहे, नाही असे नाही. परंतु थुंकणाऱ्या शेजाऱ्यांची दृश्ये इतकी ठसठशीत आहेत की प्रेमाच्या या दडपणाचा आवाज त्यांत विरून जातो.

भाषेच्या बाबतीतही असेच काही घडले आहे. फ्रान्झ आणि फ्रान्झिस्का इंग्रजीत बोलतात, त्यांची पत्रे इंग्रजीत ऐकू येतात, त्यांच्या मनातली प्रार्थनाही इंग्रजीत कुजबुजते. जर्मन भाषा ऐकू येते ती प्रामुख्याने ओरडणाऱ्या पहारेकऱ्यांच्या आणि संतापलेल्या गावकऱ्यांच्या तोंडून, आणि तिचे भाषांतर पडद्यावर दिले जात नाही. परिणामी इंग्रजी ही हृदयाची भाषा आणि जर्मन ही क्रौर्याची भाषा, अशी विभागणी नकळत उभी राहते. ज्या माणसाने आपल्या बव्हेरियन वळणाच्या बोलीत देवाला हाक मारली, त्याच्यावर हा अन्याय आहे. घरात बोलीभाषेत जपमाळ म्हणत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना यातले दुःख अधिक समजावून सांगायला नको.

फ्रान्झ यांचे विचारही चित्रपटात फार धूसर झाले आहेत. एकाच खोलीतली शाळा शिकलेल्या या शेतकऱ्याने वह्या भरून लिहून ठेवले आहे. कॅथलिक मनुष्य एकाच वेळी ख्रिस्ताचा आणि या राजवटीचा सैनिक असू शकतो काय, हे ते तपासून पाहतात. हे युद्ध साम्यवादाविरुद्ध आहे असे सांगितले जाते. मग रशियाच्या खनिजांवर, तेलावर आणि सुपीक जमिनीवर डोळा कशासाठी, असे ते विचारतात. पत्नी आणि मुले आहेत एवढ्या कारणाने पाप करण्याची मुभा मिळते काय, हा प्रश्न ते स्वतःला घालतात. ही एका जाणत्या, तर्क करणाऱ्या श्रद्धावंताची लेखणी आहे. चित्रपटातील फ्रान्झ मात्र बहुधा गप्प असतो. कारण विचारले की आपल्याला जे चुकीचे वाटते ते आपण करू शकत नाही, एवढ्याच आशयाचे तो बोलतो. आउगुस्ट डील या नटाच्या मुद्रेवर वेदना उत्कटपणे उमटते. पण वेदनेने युक्तिवादाची जागा भरून निघत नाही. श्रद्धेने विचार करायला शिकविलेला माणूस केवळ भावनेने भारलेला दिसू लागतो, आणि ज्या गावकऱ्यांनी त्यांना धर्मवेडे ठरविले त्यांनाच जणू दुजोरा मिळतो.

इतके म्हटल्यावर चित्रपटाचे श्रेयही मोकळेपणाने दिले पाहिजे. फ्रान्झिस्का यांना त्याने कथेच्या कडेला उभे केलेले नाही. व्हॅलेरी पाखनर या अभिनेत्रीने साकारलेली ही शेतकरीण पती तुरुंगात असताना नांगर ओढते, बटाटे काढते, विहिरीवर पाणी शेंदते, आणि तिच्या हातांच्या मातीतून आपल्याला हुतात्म्याच्या पत्नीचे हौतात्म्य दिसते. शेतीच्या कामाचा संथ, पुनरावृत्तीचा ताल पकडण्यासाठी तीन तासांची लांबी सार्थ वाटते. ब्रुनो गान्झ यांनी रंगविलेला न्यायाधीश आरोपीला खाजगीत बोलावतो आणि तो निघून गेल्यावर त्याच्याच खुर्चीत जाऊन बसतो; न्यायनिवाडा नेमका कोणाचा चालला आहे, हे त्या एका कृतीतून कळते.

सर्वांत मोलाचा प्रसंग चर्चमध्ये घडतो. भिंतीवर ख्रिस्तजीवनाची चित्रे रंगविणारा एक वृद्ध चित्रकार फ्रान्झशी बोलतो. लोकांना सुखावणारा ख्रिस्त आपण रंगवितो. चित्रे पाहून त्यांना वाटते, आपण त्या काळी असतो तर प्रभूला छळणाऱ्यांत सामील झालो नसतो. आपण प्रभूचे कौतुक करणारे निर्माण करतो, अनुयायी नव्हे, अशा आशयाची कबुली तो देतो. खरा ख्रिस्त रंगविण्याचे धाडस आपल्याला अजून झालेले नाही, असेही तो सुचवितो. या प्रसंगात मॅलिक यांनी स्वतःच्या कलेला आरसा दाखविला आहे. दुर्दैवाने त्या आरशात चित्रपटाचे स्वतःचे रूपही उमटते. दुष्ट गावकरी पाहून प्रेक्षकही हेच म्हणत बाहेर पडतो: मी त्या गावात असतो तर असा वागलो नसतो.

वस्तुतः राडेगुंडची कथा मृत्युदंडापाशी संपत नाही. युद्ध संपल्यावर, ९ ऑगस्ट १९४६ रोजी, फ्रान्झ यांच्या अस्थी गावच्या चर्चच्या आवारात पुरल्या गेल्या. त्याच वर्षी लिंट्झच्या धर्मप्रांतीय वृत्तपत्रात त्यांच्यावर लेख छापण्याचे ठरत होते. बिशप फ्लीसर यांनी अनुमती दिली नाही. कर्तव्य म्हणून लढता लढता पडलेले कॅथलिक तरुण हेच त्यांना अधिक मोठे वीर वाटत होते. फ्रान्झिस्का यांना युद्धविधवेचे निवृत्तिवेतन १९५० पर्यंत नाकारण्यात आले. युद्धस्मारकावर फ्रान्झ यांचे नाव असावे की नसावे यावरही गावात वाद झाला. याचे कारण समजण्यासारखे आहे. गावातल्या कितीतरी घरांतले मुलगे आणि पती आघाडीवर पडले होते. फ्रान्झ बरोबर होते असे मान्य करायचे, तर आपला मुलगा कशासाठी मेला, या प्रश्नाला त्या मातांना तोंड द्यावे लागणार होते. एका माणसाचा नकार साऱ्या गावाच्या दुःखावर असा उभा राहतो. हे नाट्य चित्रपटाने हाती घेतलेच नाही.

ते हाती घेतले गॉर्डन झान या अमेरिकन कॅथलिक समाजशास्त्रज्ञाने. त्यांनी राडेगुंडला जाऊन गावकऱ्यांशी संवाद साधला आणि १९६४ मध्ये ‘इन सॉलिटरी विटनेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्झ भला माणूस होता, पण त्याने असे करायला नको होते, हा सूर त्यांना गावात ऐकू आला. झान यांनी गावकऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही; त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. म्हणूनच तो ग्रंथ वाचणाऱ्याला फ्रान्झ यांची उंची अधिक जाणवते.

या ग्रंथाचा आपल्याशी एक धागा जुळलेला आहे. १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप असलेल्या थॉमस रॉबर्ट्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी येथील पद भारतीय महागुरूंना मिळावे म्हणून १९५० मध्ये त्याचा त्याग केला. त्या काळी वसईची धर्मग्रामेही मुंबई महाधर्मप्रांतातच होती. त्याच रॉबर्ट्स यांनी १९६५ मध्ये द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेपुढे फ्रान्झ येगरश्टेटर यांचे उदाहरण मांडले आणि सद्सद्विवेकबुद्धीने शस्त्र नाकारणाऱ्यांच्या बाजूने ख्रिस्तसभेने बोलावे असा आग्रह धरला. ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात, अशा लोकांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी, असे मत परिषदेने नोंदविले. आपल्या आजी-आजोबांना दृढीकरणाचा संस्कार ज्यांच्या काळात मिळाला त्या आर्चबिशपांनी इनफिर्टेलच्या एका शेतकऱ्याची बाजू जगापुढे मांडावी, याचा आपल्याला योग्य अभिमान वाटावा.

पुढे १९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झ यांच्यावरील निकाल रद्द केला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंट्झच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. ज्यांच्या कारकिर्दीत हे घडले ते पोप सोळावे बेनेडिक्ट बालपणी काही वर्षे साल्झाखपलीकडच्या टिटमोनिंग गावात राहिले होते. चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्झिस्का त्या सोहळ्यास उपस्थित होत्या. मार्च २०१३ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, त्यांनी देह ठेवला.

चित्रपटाचे नाव जॉर्ज एलियट यांच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीच्या समारोपावरून घेतले आहे. जगाचे जे काही भले होते त्यातला बराच वाटा अज्ञात राहून प्रामाणिकपणे जगलेल्या माणसांचा असतो, असा तेथील विचार आहे. तो सुंदर आहे आणि खराही आहे. त्यात आम्हांला एवढीच भर घालावीशी वाटते: अशी अज्ञात माणसे उंच शिखरांच्या सान्निध्यात राहत नाहीत. ती सपाट, ओळखीच्या, पायाखालच्या गावांत राहतात, आणि त्यांना अडविणारी माणसेही तेथेच, त्यांच्याच घरात, त्यांच्याच बाकावर मिस्साला बसलेली असतात. आपल्या धर्मग्रामातही कधी कोणी एखाद्या अन्यायाला ‘नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या काळजीपोटी त्याला गप्प करणारे आपणच असतो. हा चित्रपट कुटुंबासह पाहावा, आणि पाहून झाल्यावर मुलांशी फ्रान्झविषयी बोलून थांबू नये. राडेगुंडच्या त्या मायाळू शेजाऱ्यांविषयीही बोलावे.